सोंग

आमच्या गावी दिवाळीच्या आसपास बहुरूपी येत असे. कधी तो पोस्टमन होऊन येई, कधी वैदू होऊन, कधी सासरवाडीहून हाकलून दिलेला जावई होऊन. पण त्याचे हुकमी सोंग फौजदाराचे. खाकी पोशाख, डोक्याला हॅट, कमरेला पट्टा, काखेत रूळ. ओटीवर पाय ठेवताच तो असे काही दरडावी की सुपारी कातरणाऱ्या आजोबांचा हातसुद्धा क्षणभर थांबे. त्याच्या खिशात कोणाच्या ना कोणाच्या नावाचे वॉरंट असायचेच. एका वर्षी ते माझ्या नावाचे निघाले. गुन्हा, शाळा चुकवून नदीवर गेल्याचा. मी जो पळालो तो माजघरात कणगीमागे जाऊन बसलो. बाहेर हशा पिकला तेव्हा हळूच डोकावून पाहिले, तर फौजदाराने हॅट काढून हातात धरली होती आणि तो आजोबांना लवून मुजरा करीत होता. आईने सूपभर जोंधळे त्याच्या झोळीत घातले. मागाहून अक्का मला म्हणाली, "अरे वेड्या, त्याच्या पायांत बूट कुठं होते? वहाणा होत्या की!"

वहाणा माझ्याही डोळ्यांसमोरच होत्या. मला त्या दिसल्या नव्हत्या, इतकेच.

पुढची गोष्ट १९६२ सालची. मी तेरा वर्षांचा होतो. नरक चतुर्दशीची पहाट. परसातल्या न्हाणीघरात कंदील टांगलेला, चुलीवर पाण्याचा हंडा. अंगाला तेल-उटणे लावून आम्ही मुले कुडकुडत उभी होतो. अक्का जळण ओढायला वाकली आणि किंचाळली, "मण्यार! मण्यार!"

त्या किंकाळीला कारण होते. त्याच वर्षी श्रावणात शेजारच्या वाड्यातला गडी जमिनीवर निजला असता त्याला काहीतरी चावले. मुंगी असेल म्हणून तो कूस बदलून पुन्हा झोपला. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात, जीभ जड झाली, आणि उन्हे वर येण्यापूर्वी त्याचा श्वास थांबला. मण्यारीचा दंश असाच असतो. फारसा दुखत नाही, सुजत नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. ती रात्री हिंडते आणि उबेला म्हणून की काय, अंथरुणापाशी येते. त्या गड्याचे पोर माझ्या वर्गात होते.

तेव्हा मी हातातली काठी घातली ती विचार करून घातली असे मला म्हणता येणार नाही. गडद अंग, त्यावर पांढुरके आडवे पट्टे, लांबी दीडेक हात. तीन फटक्यांत काम झाले. सगळीकडे एकच कौतुक! आजोबांनी पाठ थोपटली. अभ्यंगस्नानानंतर देवाला नैवेद्य दाखवून झाला तो पहिली करंजी आईने माझ्या हातावर ठेवली. मेलेला साप काठीवर टांगून अंगणाच्या कडेला ठेवला होता, आणि गल्लीतली मुले फटाके सोडून तो बघायला येत होती.

आठाच्या सुमाराला आमचे मास्तर फराळाला आले. त्यांना झाडा-पाखरांचा नाद होता. ओटी चढण्यापूर्वी ते त्या काठीपाशी थांबले, चष्मा वर करून खाली वाकले, आणि मला हाक मारली.

"अरे, ही मण्यार नव्हे. कवड्या आहे हा. बिनविषारी. भिंतीवरच्या पाली खातो बिचारा."

मग त्यांनी मला दाखवले. मण्यारीचा रंग निळसर झाक असलेला काळा, तुकतुकीत. हा तपकिरी होता. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने, आणि मानेमागे काही अंतर ते फिके असतात किंवा नसतातच. शेपटीकडे ते ठळक होत जातात. याचे उलट. मानेपाशी पट्टे स्वच्छ आणि शेपटीकडे विरून गेलेले. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरून मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग जाते. याच्या कण्यावरचे खवले इतरांसारखेच. सारे काही तिथे लिहिलेले होते, फक्त मी ते वाचले नव्हते.

"मग हा असा दिसतो कशाला?" मी विचारले. माझा आवाज रडवा झाला असावा, कारण मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मण्यारीला सगळे भितात. तिच्यासारखं दिसलं की यालाही कोणी छेडत नाही. आज त्याचं सोंगच त्याला भोवलं, दुसरं काय!"

आई मागे चहाचे पेले घेऊन उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मास्तर, मण्यार असती तर?"

मास्तरांनी उत्तर दिले नाही. ते ओटीवर जाऊन बसले आणि चिवड्याची बशी पुढे ओढली.

मास्तरांच्या त्या वाक्याने मला पुष्कळ वर्षे दिलासा दिला. त्याचे सोंगच त्याला भोवले! म्हणजे माझ्याकडे दोष नाही. लबाडी सापाची, शिक्षाही सापाला. लबाडाला लबाडी भोवावी हे आपल्या न्यायबुद्धीला किती बरे वाटते! कोल्हा निळीच्या पिंपात पडतो, राजा होतो, आणि शेवटी मार खातो, तेव्हा आपण त्याच्यासाठी हळहळत नाही. माझा कवड्या मी त्या कोल्ह्याच्या पंक्तीला बसवून टाकला आणि मोकळा झालो.

परंतु पुढे वाचनाचा नाद लागला, आणि हा दिलासा हळूहळू झिजत गेला.

हेन्री वॉल्टर बेट्स नावाचा एक इंग्रज १८४८ साली अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात गेला आणि अकरा वर्षे तिथे राहिला. तिथली काही फुलपाखरे त्याला फार आढ्यतेखोर वाटली असावीत: रंग भडक, उडणे संथ, आणि भीती कशाचीच नाही. पाखरे त्यांना खात नसत, कारण ती चवीला वाईट होती. त्याच थव्यात अगदी निराळ्या कुळातली, खायला काही वाईट नसलेली फुलपाखरे हुबेहूब तोच पोशाख घालून मिसळलेली त्याला आढळली. १८६२ साली त्याने हे सोंगाचे शास्त्र छापून प्रसिद्ध केले. डार्विनला त्याचे केवढे अप्रूप वाटले!

पण अ‍ॅमेझॉनपर्यंत जायचे कारण नाही. पुण्यात आमच्या गच्चीवर कुंडीत कढीलिंब आहे. त्यावर दर पावसाळ्यात एका काळ्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहानपणी त्या पाखराच्या शिटेसारख्या दिसतात (हेही सोंगच), आणि मोठेपणी हिरव्यागार होऊन पानांचा फडशा पाडतात. सुनेला त्यांचा राग येतो, मी त्यांच्यावर पहारा करतो. या फुलपाखराला इंग्रजीत कॉमन मॉर्मन म्हणतात. एका नराभोवती निरनिराळ्या रूपांच्या माद्या पाहून बहुपत्नीत्वाबद्दल बोलबाला झालेल्या त्या पंथाचे नाव साहेबाने त्याला दिले असे सांगतात. चावटपणा झाला, पण निरीक्षण खरे आहे. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ. मादीचे एक रूप नरासारखेच. दुसऱ्या रूपाच्या पंखांवर मात्र तांबडे ठिपके आणि पांढरा डाग, थेट कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्या फुलपाखरासारखा. कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या विषारी वेलीवर पोसलेली असते, त्यामुळे पाखरे एकदा तिची चव घेतली की पुन्हा वाटेला जात नाहीत. मादीचे तिसरे रूप आणखी एका तशाच बेचव फुलपाखराची नक्कल करते.

या सोंगातही एक वहाण उघडी पडलेली आहे. कॉमन रोझचे अंग तांबडे असते. मॉर्मनच्या मादीने पंख रंगवले, अंग काळेच राहिले. जवळून पाहणाऱ्याला ओळखू येते. पण जवळून पाहतो कोण?

२०१४ साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मॉर्मनच्या मादीचे हे रूप एका जनुकाने ठरते. त्याचे नाव डबलसेक्स. कीटकांत नर-मादीचे भेद घडवण्याचे कामही तोच करतो. म्हणजे अंड्यातून बाहेर पडण्याच्या आधीच पोशाख ठरलेला. त्या मादीने आरशात पाहून काही निवडले नाही, तिला ते ठाऊकही नाही. बहुरूपी आदल्या रात्री खाकी पोशाखाला इस्त्री करतो, आरोळीचा सराव करतो, आणि शेवटी हॅट काढतो. हॅट काढता येणे हाच सोंगाचा आणि लबाडीचा खरा भेद असे मी मानत आलो होतो. फुलपाखराला किंवा कवड्याला हॅट काढता येत नाही. पण त्यांनी ती घातलीही नव्हती!

मग प्रश्न असा पडतो की खोटे बोलणारा कोणी नसताना खोटे असू शकते काय? फसवणूक तर झालेली आहे. पाखरू फसले, मी फसलो. फसवणारा कुठे आहे?

मला सुचलेले उत्तर विचित्र आहे, पण वाचकांपुढे ठेवतो. फसवणारा शोधायला गेले की फसणाराच हाती लागतो. मॉर्मनच्या पंखांवरचे तांबडे ठिपके कोणी रंगवले? पाखरांनी. ज्या माद्या कॉमन रोझसारख्या कमी दिसल्या त्या पाखरांनी टिपल्या. ज्या अधिक दिसल्या त्या सोडल्या. आणि सोडलेल्यांची संतती वाढली. हजारो पिढ्या हे चालले. कुंचला पाखरांच्या चोचीत होता, आणि ती स्वतःला फसवण्यासाठीच चित्र काढीत होती.

एकदा हे ध्यानात आले की प्राण्यांच्या अंगावरची सारी नक्षी निराळीच दिसू लागते. वाघ घ्या. इतका तांबूस-पिवळा, इतका ठसठशीत प्राणी हिरव्या रानात लपतो तरी कसा, असे मला लहानपणी सर्कशीत वाटले होते. पण वाघाला लपायचे असते ते चितळापासून, माझ्यापासून नव्हे. चितळाच्या डोळ्याला तांबड्या आणि हिरव्या रंगांत आपल्यासारखा भेद दिसत नाही. त्याच्या लेखी तो तांबूस वाघ रानाच्याच रंगाचा, आणि काळे पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या. ज्या वाघांना चितळांनी आधी पाहिले ते उपाशी राहिले. वाघाचे पट्टे चितळाच्या डोळ्यांनी आखले आहेत.

झेब्र्याचे पट्टे कशासाठी, यावर दीडशे वर्षे वाद झाला. कोणी म्हणाले लपण्यासाठी, कोणी म्हणाले सिंहाला चक्रावण्यासाठी, कोणी म्हणाले अंग थंड राखण्यासाठी. अलीकडे पुरावा जमला तो चावऱ्या माश्यांच्या बाजूने. २०१९ साली इंग्लंडात घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या झुली घालून पाहिल्या, तर झुलीवर माश्या फार कमी उतरल्या; उघड्या डोक्यावर मात्र नेहमीसारख्याच. त्याच साली जपानी संशोधकांनी काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले आणि चावणाऱ्या माश्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. हे वाचून मला आमच्या गावच्या पोळ्याची आठवण झाली. बैलांच्या पाठीवर आम्ही गेरूचे ठिपके काढत असू. पट्टे काढले असते तर त्या मुक्या जिवांना शिंगांच्या बेगडापेक्षा अधिक उपयोग झाला असता! सांगायचे ते हे की, त्या देखण्या पट्ट्यांचा कारागीर बहुधा एक माशी आहे.

मोराचा प्रश्न जरा निराळा. मोराच्या पिसाऱ्याने डार्विनला आजारी केले होते. १८६० च्या एका पत्रात त्याने तसे लिहूनच टाकले. एवढे ओझे घेऊन वाघापुढून पळायचे कसे? १८७१ साली त्याने उत्तर दिले: पिसारा लांडोरींनी निवडून निवडून घडवला. बायकांच्या आवडीने सृष्टीत एवढे काही घडू शकते ही कल्पना त्या काळच्या पुष्कळ विद्वान पुरुषांना रुचली नाही. यथावकाश मोजमापे झाली. १९९१ साली इंग्लंडातल्या एका अभ्यासात असे दिसले की पिसाऱ्यावर डोळे जास्त असलेल्या मोरांना लांडोरी अधिक पसंत करतात. २००८ साली जपानातून बातमी आली की सात वर्षे पाहिले, तिथल्या लांडोरी असले काही मोजताना दिसत नाहीत. मला त्या जपानी लांडोरींबद्दल आदर वाटतो. कोणत्याही सिद्धान्ताच्या दावणीला त्या बांधून घेत नाहीत. तरी पाहणाऱ्याच्या नजरेवाचून पिसारा नाही, इथवर दोन्हीकडचे लोक येतात.

आता मी माझ्या न्हाणीघरात परत येतो. कवड्याच्या पट्ट्यांमागेही अशीच, मण्यारीला भिणारी, कोणाकोणाची नजर असावी असे अभ्यासक मानतात. घुबड, मुंगूस, आणखी कोणी. हे सारे भ्याले की काय करतात? बाजूला होतात. कवड्याचा पोशाख शिवला गेला तो या हिशेबाने. पण माणूस भ्याला की बाजूला होत नाही. तो काठी आणतो. ज्या वस्त्राने घुबडापासून वाचवले त्याच वस्त्राने माझ्यापुढे त्याचा घात केला, आणि वस्त्र तर एकच होते. मग बदलले काय? पाहणारा बदलला. "त्याचं सोंगच त्याला भोवलं" हे मास्तरांचे वाक्य मी आता असे वाचतो की त्याला माझी नजर भोवली. सोंग शब्द मध्ये घालून मास्तरांनी एका तेरा वर्षांच्या पोराला सोडवले, एवढेच.

त्या पहाटे मी साप बघितलाच नव्हता. मी तो ओळखला होता. या दोन क्रियांत केवढे अंतर आहे हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. ओळखणे झटपट होते. चार खुणा दिसल्या की मागचे सगळे आपोआप भरून येते. बघायला वेळ लागतो, आणि भ्यालेल्या माणसापाशी वेळच नसतो.

हे सापांपुरते असते तर दिवाळीच्या दिवसांत वाचकांचा वेळ मी घेतला नसता. डार्विनने लांडोरींवर लिहिले त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने इथे एक कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पुढे अनेक भटक्या जमाती त्यात आल्या. पाहण्याची गरज नाही, ओळखले की पुरे, असाच त्या कायद्याचा अर्थ होता. तो १९५२ साली रद्द झाला. कागदावरून गेला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच माणसे जमावाने ठेचून मारली. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. मेलेली माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. सूप घेऊन बाहेर येणारी माझी आई आणि तो जमाव यांच्यामध्ये साठेक वर्षे आहेत. आमच्या ओटीवर येणाऱ्या बहुरूप्याला आज त्या गावात फौजदार होऊन जाण्याचे धैर्य होईल का, आणि झाले तर हॅट काढायला कोणी वेळ देईल का, हे मी त्या दिवशी वर्तमानपत्र हातात धरून बराच वेळ मनाशी घोळवीत होतो.

आणि तरीही आईचा प्रश्न उरतोच. मण्यार असती तर? तो प्रश्न भित्र्या बाईचा नव्हता. तिने शेजारच्या वाड्यात जाऊन त्या गड्याच्या बायकोला धरून बसवले होते. न्हाणीघरात तिची पाच पोरे उघडी उभी होती. "आधी नीट बघा" असे सांगणाऱ्याने, बघेपर्यंत जे होईल त्याचा भार कोणी वाहायचा हेही सांगायला हवे. मास्तरांनी ते सांगितले नाही. मलाही साठ वर्षांत ते धड सांगता आलेले नाही. राईनपाड्यातल्या आयांनाही आपापल्या पोरांचेच भय होते, हे मी विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

गेल्या दिवाळीला आम्ही सगळे गावी जमलो होतो. घर आता चुलतभावाच्या मुलाकडे आहे. न्हाणीघराला फरशी बसली, हंड्याच्या जागी गिझर आला. पण मागची लाकडे अजून तिथेच रचलेली असतात. पहाटे साडेचारला माझी नात ओरडली, "आजोबा, साप!"

मी गेलो. मुलांना बाहेर काढून दारात उभा राहिलो आणि बॅटरी टाकली. बादलीमागून फक्त शेपटीकडचा हातभर भाग दिसत होता. काळा रंग. पांढरे बारीक पट्टे. मी ते बघत राहिलो. विरत जात नव्हते. ठळकच होते, जोडीजोडीने, शेवटपर्यंत. माझे गुडघे थरथरू लागले, ते वयाने की कशाने, सांगता येत नाही. पुतण्याने सर्पमित्राला फोन केला. तो शेजारच्या गावाहून मोटारसायकलवर येईपर्यंत पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी दाराबाहेर चार पावलांवर उभा होतो आणि साप बादलीमागे होता. दोघेही हललो नाही.

विशीतला मुलगा होता. त्याने लांब आकड्याने तिला अलगद उचलले, बरणीत सोडले, भोके पाडलेले झाकण लावले, आणि मग म्हणाला, "मण्यारच आहे, आजोबा. तुम्ही कशावरून ओळखलीत?"

मी पट्ट्यांचे सांगितले.

"त्यावर जाऊ नका. लहान मण्यारीला मानेकडेही ठळक पट्टे असतात. चावली तर ओळखत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि न चावता दिसली, तर लांब राहायचं आणि नजर ठेवायची, तुम्ही केलंत तसं."

सुनेने त्याच्यापुढे फराळाचे ताट ठेवले. बरणी ओटीच्या कडेला पणतीजवळ होती, आणि मुले तिच्याभोवती उकिडवी बसून, हात पाठीमागे बांधून, पट्टे मोजत होती. कोणाचा आकडा कोणाशी जुळेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पोराने करंजी तोडता तोडता माझ्याकडे पाहिले आणि हसला.

तेव्हा माझ्या लक्षात आले की काठी अजून माझ्या हातातच आहे. कणगीशेजारच्या कोपऱ्यातून ती मी केव्हा उचलली होती, ते मला आठवेना.